मोत्यांच्या दागिन्यांचा ऑनलाइन धंदा: बाजार मोजायचा कुठून?

पुण्यात नोकरी करणारी तिशीतली एक मुलगी आणि तिची मावशी, अशा दोघींचं हे प्रकरण. मावशीचा हात मोती ओवण्यात मुरलेला. सराफांच्या पेढ्यांवरून तोलून आलेले मोती ती घरी नथीच्या, तन्मणीच्या, चिंचपेटीच्या घाटात बसवून देते आणि मजुरी घेते. दागिना विकला जातो पेढीच्या नावावर. भाचीला वाटलं, हेच काम आपल्या नावाने ऑनलाइन विकावं. गोड्या पाण्यातले कल्चर मोती, चांदीवर सोन्याचा मुलामा, स्वतःची वेबसाइट, शिवाय इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप. हाताशी ६ लाख रुपये. प्रश्न सरळ होता: नोकरी सोडून यात उतरण्याइतका हा बाजार मोठा आहे का?

(दोघी आणि त्यांच्या चाचणीचे आकडे मांडणीसाठी घेतले आहेत. जनगणना, कर आणि मालाच्या वर्गवारीची माहिती प्रत्यक्षातली आहे.)

भाचीने तयार केलेल्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर जगातल्या मोती-दागिन्यांच्या बाजाराचा अब्जावधी डॉलरचा आकडा होता आणि खाली एक ओळ: ‘यातला एक हजारांश टक्का मिळाला तरी...’ नवउद्योजकांच्या मांडणीत ही ओळ मला वारंवार दिसते आणि प्रत्येक वेळी मी ती आधी खोडायला सांगतो. त्या आकड्यात जपानचा अकोया आहे, दक्षिण सागरी मोत्यांच्या लाखालाखाच्या माळा आहेत, ताहितीचे काळे मोती आहेत, चीन-अमेरिकेतली दुकानं आहेत. मावशीच्या तन्मणीचं गिऱ्हाईक त्यात कुठे बसतं हे तो आकडा सांगू शकत नाही. असे अहवाल विकणाऱ्या दोन संस्थांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ‘मोत्याचा दागिना’ कशाला म्हणायचं हेच दोघींनी वेगवेगळं ठरवलेलं असतं. एक हजारांश टक्का का, दहा हजारांश का नाही, यालाही उत्तर नसतं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते व्याख्येचं. आपण नेमका कुठला मोती विकणार?

मराठी घरात ‘खरा मोती’ म्हटलं की अजूनही बसरा डोळ्यांसमोर येतो. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती मुंबईच्या बाजारात यायचे, इथे त्यांची प्रतवारी व्हायची आणि पुढे जगभर जायचे. पेशवाईपासूनच्या नथी त्याच मालाच्या. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती पिकवून दाखवला, पुढे गोल कल्चर मोती बाजारात आले, आणि १९३०च्या दशकात मंदीचाही तडाखा बसून आखातातला धंदा कोसळला. आज बसरा म्हणून जे फिरतं ते बहुतेक जुन्या घरांच्या पेट्यांमधून बाहेर आलेलं. तो बाजार वेगळा, त्याचं गिऱ्हाईक वेगळं, तिथे प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय पान हलत नाही. आपला माल म्हणजे गोड्या पाण्यातला कल्चर मोती. तो प्रामुख्याने चीनमध्ये पिकतो, झेजियांग प्रांतातलं झूजी हे त्याचं मोठं केंद्र. आपल्याकडे हैदराबादच्या मोतीबाजारातून तो मिळतो. तो शिंपल्यातच तयार होतो, म्हणून खरा. पण माणसाने पिकवलेला, म्हणून नैसर्गिक नव्हे. तिसरा थर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर लेप दिलेल्या मोत्यांचा. भोकाच्या कडेला भिंगातून पाहिलं की लेपाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. कल्चर मोत्याची कड शाबूत असते. दोन कल्चर मोती एकमेकांवर घासले तर बारीक वाळूसारखी खरखर लागते, नकली मोती बहुधा गुळगुळीत सरकतात.

हे तिन्ही थर एकाच आकड्यात धरले तर बाजार फुगतो आणि हातात काही येत नाही.

सरकारी वर्गवारीने इथे चांगला आधार दिला. एचएसएन म्हणजे मालाला क्रमांक देणारी यादी. तिच्या ७१व्या प्रकरणात सुटे मोती ७१०१ खाली येतात. सोन्याचांदीत घडवलेला दागिना ७११३ खाली. मौल्यवान धातू नसलेला, पण खरे किंवा कल्चर मोती असलेला दागिना ७११६ खाली. आणि दोन्ही नसलेला ‘इमिटेशन’ दागिना ७११७ खाली. म्हणजे पितळेच्या तारेवर कल्चर मोती ओवले तरी तो कागदावर इमिटेशन ठरत नाही. मावशीच्या चांदीच्या नथी मात्र ७११३ मध्ये जातात, आणि तिथे त्या देशभरच्या सोन्याच्या ढिगाखाली गडप होतात. जीएसटी या सगळ्यांवर ३ टक्केच आहे, त्यामुळे करामुळे थर बदलायचं कारण नाही. पण आकडेवारी वाचताना फरक पडतो.

भाचीने वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात आकडेवारीतून ७१०१ची आयात काढली होती आणि तिला चौपट करून किरकोळ बाजार मांडला होता. युक्ती हुशारीची, पण तिला तीन भोकं आहेत. आयात झालेल्या मोत्यांतला काही माल भोक पाडून, प्रतवारी करून, ओवून परत बाहेर जातो. दुसरं, आयातीची किंमत बंदरावरची असते. त्यानंतर रद्दी मोती बाजूला काढले जातात, जोड्या लावल्या जातात, आणि एका जोडीचा भाव सुट्या दोन मोत्यांपेक्षा जास्त असतो. तिसरं, तयार माळा ७११६ मध्ये वेगळ्या येतात. चौपट हा गुणक कुठून आला, याला तिच्याकडे ‘साधारण तेवढं असतं’ एवढंच उत्तर होतं. आम्ही तो आकडा ठेवला, पण फक्त दिशा पाहायला: पाच वर्षांत आयात चढते आहे की उतरते आहे, एवढ्यापुरता.

वरून खाली यायची दुसरी वाट घरखर्चाच्या पाहणीची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०२३-२४ची पाहणी २,६१,९५३ कुटुंबांची आहे आणि तिचे मूळ आकडे कुणालाही पाहता येतात. दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ४,१२२ रुपये, शहरी भागात ६,९९६. २,३०० रुपयांचा मोत्याचा संच म्हणजे शहरी माणसाच्या सरासरी महिन्याच्या एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. ही एकच तुलना भाचीच्या सगळ्या सादरीकरणापेक्षा बोलकी होती. ‘प्रत्येक मराठी घर’ हे गिऱ्हाईक नव्हे हे तिला तिथेच कळलं. पण ही पाहणी मोत्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. सोन्याच्या नथीत बसलेला मोती सोन्याच्या दागिन्यात जमा होतो. शिवाय वर्षभरात मोती घेतलेली कुटुंबं नमुन्यात इतकी थोडी की राज्यापुरता अंदाज डळमळतो.

मग खालून वर जायचं ठरलं, प्रसंग मोजत.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ५.४१ कोटी स्त्रिया होत्या. विशी ते चोविशीतल्या मुली त्यातल्या नऊ-दहा टक्के धरल्या तर एका वयाच्या मुली साधारण १० लाख येतात. म्हणजे ढोबळ मानाने वर्षाला तेवढी लग्नं. राज्यात मराठी मातृभाषा असलेले लोक ६९ टक्के, म्हणून सात लाखांच्या आसपास मराठी नवऱ्यामुली. हा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच वापरायचा. पण त्याची प्रत्येक पायरी दाखवता येते, चुकली तर दुरुस्त करता येते. अब्जावधी डॉलरच्या आकड्याला ही सोय नाही.

भाची लगेच म्हणाली, ‘सात लाख नथी!’

मावशीने हातातली सुई खाली ठेवली. ‘अगं, लग्नातली नथ ऑनलाइन कोण घेतं? ती आजीची असते, नाहीतर पेढीवर जाऊन, नाकाला लावून, आरशात बघून घेतात. सासूबाई बरोबर असतात. तुझ्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार?’

पुढची सगळी मोजणी या वाक्यावर फिरली. मावशीचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायला भाचीने ओळखीच्या-अनोळखी बायकांना विचारायला सुरुवात केली. आधीचा तिचा प्रश्न होता, ‘ऑनलाइन मोत्याचा दागिना घ्यायला आवडेल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही; समोरच्या पोरीचं मन कोण मोडणार? प्रश्न बदलला: ‘गेल्या वर्षभरात मोत्याचं काय घेतलंत, कुठून, कितीला, कशासाठी, आणि पैसे कुणी दिले?’ झालेल्या खरेदीबद्दल विचारलं की माणूस आठवून बोलतो.

या उत्तरांनी बाजाराचा नकाशा बदलला. लग्नाची मुख्य नथ बहुतेकींनी सोन्यातच घेतली होती किंवा घरातली वापरली होती. स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडून, फोटो पाहून घेतलेले दागिने वेगळ्याच प्रसंगांचे निघाले: मैत्रिणीची मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, गौरी, ऑफिसातला दिवाळीचा कार्यक्रम, बहिणीच्या लग्नात नेसायच्या दुसऱ्या साडीवर. आणि या प्रसंगांना बाईला सुटी नथ लागतेच असं नाही. एकमेकांशी जुळणारी नथ, कुड्या आणि गळ्यातलं असा संच हवा असतो. स्पर्धाही तिथेच दिसली. लक्ष्मी रोडवरच्या पेढीशी हा धंदा भिडतच नाही. तो भिडतो तुळशीबागेतल्या नि दादरच्या स्वस्त इमिटेशनशी, भाड्याने दागिने देणाऱ्यांशी, आणि ‘आईची आहे ना, तीच घाल’ या वाक्याशी. शेवटचा स्पर्धक सर्वांत तगडा, आणि कुठल्याही बाजार-अहवालात तो सापडत नाही.

हंगामही या मुलाखतींतूनच नीट उमगला. भाचीने वर्षाचा आकडा बाराने भागला होता. पण आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं जवळजवळ थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात. उलट श्रावण-भाद्रपदात मंगळागौर आणि गौरी. म्हणजे लग्नाच्या मागणीला जिथे खळ पडतो तिथेच प्रसंगाच्या मागणीला भरती. संक्रांतीला मात्र नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने असतात, मोत्यांना तिथे जागा नाही. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तेवढ्या घालतात. हे कुणा मराठी बाईला सांगावं लागत नाही, पण तक्त्यात ते उतरलेलं नव्हतं.

गुगल ट्रेंड्सकडे वळताना एक सावधगिरी घ्यावी लागली. तिथला १०० हा आकडा शोधांची संख्या नसतो, त्या काळातलं सर्वोच्च प्रमाण म्हणजे १००. त्यावरून हंगाम कळतो, बाजाराचं आकारमान नाही. आणि नुसतं ‘नथ’ इंग्रजी अक्षरांत टाकलं तर केदारनाथापासून गोरखनाथापर्यंत सगळे नाथ त्यात येऊ शकतात. ‘मोती’ टाकलं तर मोतीबिंदू आणि दिवाळीचा मोती साबणही. म्हणून ‘तन्मणी’, ‘चिंचपेटी’, ‘दाबाची नथ’ असे दुसरा अर्थ फारसा नसलेले शब्द घेतले. दाबाची नथ म्हणजे नाक न टोचता घालायची. मुलाखतींत नाक न टोचलेल्या मुली पुष्कळ निघाल्या होत्या, म्हणून संचात तीच ठेवायची ठरली.

एवढं झाल्यावर चाचणी. वेबसाइट न बांधता साधं पान, चार दागिन्यांचे फोटो, व्हॉट्सॲपवर ऑर्डर, पैसे आधी. पैसे आधी घेणं महत्त्वाचं, कारण ‘छान आहे’ म्हणणारी आणि पैसे पाठवणारी यांच्यातलं अंतर म्हणजेच बाजार. प्रत्येक फोटोखाली ‘कल्चर मोती, गोड्या पाण्यातले’ असं स्पष्ट लिहिलं, उगमदेशासह. ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक-संरक्षण नियमांत उगमदेश दाखवणं आहेच.

पहिल्या फेरीत जाहिरातीवर १२,००० रुपये खर्च झाले. १,५०० जणींनी पान उघडलं, ६० जणींनी विचारणा केली, १८ ऑर्डरी आल्या. त्यांतल्या ११ सुट्या नथींच्या, सरासरी ९०० रुपये. ७ संचांच्या, सरासरी २,३०० रुपये. विक्री २६,००० रुपये. भाची खूश होती. पण नथीला मोती, चांदी, मजुरी, डबी, कुरिअर धरून ५२० रुपये लागत होते, म्हणजे सुटायचे ३८०. आणि एका ऑर्डरमागे जाहिरातीचे ६६७ गेले होते. प्रत्येक नथ तोट्यात. संचाचा खर्च १,१५० रुपये, सुटायचेही तेवढेच. दोन्ही मिळून जाहिरात वजा जाता २३० रुपये उरले.

इथे सुट्या नथी बंद करून ‘संचामागे जाहिरात ६६७’ असं गृहीत धरण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. नथ घ्यायला आलेली बाई नथ नाही म्हणून संच घेईलच असं नाही. त्यामुळे दुसरी फेरी फक्त संचांची केली. ८,००० रुपये, १,००० जणींनी पान उघडलं, ९ संच गेले. शिवाय आधीच्या गिऱ्हाइकांनी फोटो पुढे पाठवल्यामुळे आणखी ३. बारा संचांवर ८,००० वाटले की पुन्हा ६६७ येतात, पण जाहिरातीने आलेल्या नऊंवरच टाकले तर ८८९. सगळ्या प्रकरणात मला हाच फरक सर्वांत मोलाचा वाटतो. एकीने दुसरीला दाखवलं म्हणून येणारं गिऱ्हाईक किती, यावर हा धंदा तरतो की बुडतो ते ठरेल.

आता हात मोजायचे. मावशी आणि तिची एक शेजारीण, दोघींकडून घरचं सगळं सांभाळून दिवसाला एकेक संच. चिंचपेटीला मोत्यांच्या रांगा सारख्या बसाव्या लागतात. एक मोती अर्ध्या मिलिमीटरने मोठा निघाला तर रांग वाकते आणि उसवून पुन्हा ओवावी लागते. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० संच, वर्षाला ६००. पण मागणी सारखी येत नाही. गौरीच्या आधीच्या आठवड्यांत ५० पुरणार नाहीत आणि पितृपक्षात हात रिकामे राहतील. आधी करून ठेवायचे म्हटले तर १५० संचांत १,७२,५०० रुपये अडकतात. ६ लाखांत तेवढं झेपतं, त्याहून जास्त नाही. या सगळ्यातून पहिल्या वर्षाचा आकडा ३२० संचांवर आला. विक्री ७,३६,००० रुपये. मोती-मजुरी आणि जाहिरात वजा जाता संचामागे ४८३, म्हणजे वर्षाला १,५४,५६० रुपये. महिन्याला तेरा हजारांच्या आत. परत आलेला माल, फोटो आणि हिशेबनिसाचा खर्च अजून यातून जायचाय. पैकी हिशेबनीस टळणारा नाही, कारण वस्तूंच्या ४० लाखांच्या मर्यादेखाली राहिलं तरी इंदूर-बडोद्याला पार्सल पाठवायचं तर जीएसटी नोंदणी लागतेच.

सात लाख नवऱ्यामुलींपासून ३२० संचांपर्यंत. आकडा लहान दिसतो, पण त्याच्या प्रत्येक पायरीवर बोट ठेवता येतं, आणि मावशीच्या हातातून तो प्रत्यक्षात निघू शकतो. यात एक गोष्ट मी आग्रहाने बदलायला लावली: ओवणाऱ्यांची मजुरी वाढवली. स्वस्त मजुरीवर मोजलेला नफा हा नफा नव्हेच. हे हात दुसरीकडे गेले की दुकान बंद. तेरा हजारांतून ते वजा झाले तरी चालेल, हे भाचीने मान्य केलं, आणि मला तिचं ते फार आवडलं.

परदेशातल्या मराठी घरांचा रकाना वेगळा ठेवला आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, तिथली गर्दी पाहून कुणालाही मोह होईल. पण ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत मिळणारी करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे. अडीच हजारांच्या दागिन्यावर जकात आणि कुरिअर चढवल्यावर तो तिथे कितीला पडतो, हे दोन-चार पार्सलं पाठवून पाहिल्याशिवाय या रकान्यात आकडा भरायचा नाही. देशातलं चित्र बरं आहे: २०११च्या जनगणनेत ८.३० कोटी मराठी भाषकांपैकी ७.७५ कोटी महाराष्ट्रात होते, म्हणजे पंचावन्न लाख बाहेर. बडोदा, इंदूर, बेळगाव, बंगळुरू इथल्या बायकांना मराठी घाटाची चिंचपेटी गावात सहज मिळत नाही, आणि दुसऱ्या फेरीतले चार संच याच गावांना गेले. चारवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण पुढच्या जाहिरातीचा निम्मा पैसा तिकडे लावायला तेवढं कारण पुरेसं आहे.

निर्णय असा झाला की भाची नोकरी सोडणार नाही. पहिलं वर्ष संध्याकाळ आणि शनिवार-रविवार. ६ लाखांपैकी अडीच लाखच उघडायचे. जाहिरातीशिवाय येणाऱ्या ऑर्डरी आज चारात एक आहेत. दिवाळीपर्यंत त्या तिनात एक झाल्या तर तिसरी ओवणारी घ्यायची, आणि पाचात एकवर घसरल्या तर जाहिरात थांबवून फक्त जुन्या गिऱ्हाइकांना आणि पेढ्यांना माल द्यायचा. श्रावणासाठी साडेतीन आणि चार मिलिमीटरचे मोती हैदराबादहून मागवले आहेत. या वेळी मावशीने आधी नमुन्याची एक लड मागवली आणि भोकं तपासली. मागच्या मालात ती तिरकी होती.